उंची वाढते तशी वर्षावनातली झाडं कशी बदलतात, आणि बालाघाटावर तसं का दिसत नाही?

प्रश्न अंबाजोगाईहून आला आहे, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थिनीकडून. थोडक्यात असा: "पुस्तकात उष्णकटिबंधीय वर्षावनाचे उंचीनुसार तीन पट्टे दिले आहेत: सखल, निम्न पर्वतीय आणि उच्च पर्वतीय. प्रत्यक्ष जंगलात एक पट्टा संपून दुसरा सुरू झाला हे ओळखायचं कसं? आणि आमच्या बालाघाटावर किंवा म्हैसमाळला चढताना असं काही का दिसत नाही? मला प्रकल्प याच विषयावर करायचा आहे."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. बहुतेक ठिकाणी ओळखता येत नाही, कारण ओळखण्याजोगी रेघच तिथे नसते. पुस्तकातले पट्टे सोयीसाठी आहेत. नकाशा रंगवायला, परीक्षेत लिहायला, वनविभागाच्या अहवालाला ते लागतात. झाडांना ते लागत नाहीत. प्रत्येक जात आपापल्या उंचीला सुरू होते, आपापल्या उंचीला संपते, शेजारच्या जातीशी ठरवून नाही. संभाजीनगरहून पुण्याला जाणारी एसटी डोळ्यांपुढे आणा. नेवाशाला चार जण उतरतात, सहा चढतात. शिरूरला आणखी काही. पुण्याला पोचेपर्यंत गाडीतली जवळजवळ सगळी माणसं बदललेली असतात, पण सगळी गाडी एकदम रिकामी झाली असा थांबा मधे कुठेच येत नाही. फार तर नगरला बरीच गर्दी उतरते. जंगलातही असे एखाददुसरे 'नगर' असतात, त्यांच्याकडे पुढे येतो.

हा वाद जुना आहे. हम्बोल्ट आणि बोनप्लाँ हे दोन निसर्गशास्त्रज्ञ १८०२ मध्ये इक्वेडोरच्या चिंबोराझो पर्वतावर चढले. शिखर काही त्यांना गाठता आलं नाही, पण हम्बोल्टने १८०७ मध्ये त्या पर्वताचा उभा छेद काढून कोणत्या उंचीला कोणती वनस्पती सापडते हे चित्रातच नावांनिशी लिहून टाकलं. ते चित्र इतकं डोळ्यांत भरणारं होतं की पुढे शंभर वर्षं सगळे पट्टेच बघत राहिले. अमेरिकेत क्लेमेंट्स हा वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणायचा की वनस्पतिसमूह म्हणजे जणू एक सजीव, त्यातल्या जाती एकत्र येतात आणि एकत्र जातात. ग्लीसनने १९२६ मध्ये उलट मांडणी केली: प्रत्येक जात स्वतंत्र, समूह म्हणजे त्या त्या जागी जमलेला मेळा. १९५६ मध्ये व्हिटेकरने ग्रेट स्मोकी पर्वतांवर मोजमाप करून ग्लीसनच्या बाजूने कौल दिला. ते पर्वत समशीतोष्ण प्रदेशातले. वर्षावनात हेच तपासायचं तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत न तोडलेलं सलग जंगल हवं, आणि ते जगात फार थोड्या ठिकाणी उरलं आहे.

कोस्टा रिकातला बार्वा ज्वालामुखी हे त्यातलं एक ठिकाण. ला सेल्वा या संशोधन केंद्रापासून, म्हणजे समुद्रसपाटीच्या जवळून, वर २,६०० मीटरपर्यंत तिथे प्लॉट, म्हणजे ठरावीक मापाचे जंगलाचे तुकडे, आखून झाडं मोजली गेली. १९९६ मध्ये त्याचा जो निष्कर्ष छापून आला तो तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे: जातींची रचना उंचीबरोबर सलग बदलत जाते, मधे कुठे तुटत नाही, पट्टे सापडत नाहीत. आणखी एक गोष्ट त्यात होती, जी मला जास्त रंजक वाटते. जातींची विविधता सगळ्यात जास्त अगदी तळाला नव्हती, थोडी वर, तीनशे मीटरच्या आसपास होती. 'खाली जास्त, वर कमी' हे ढोबळपणे खरं असलं तरी आलेख सरळ रेषेसारखा नसतो, हे लक्षात ठेवा.

आता बदलतं काय काय ते बघू. जातींची नावं पाठ करण्याआधी जंगलाचं रूप बघायला शिका, ते जगभर बऱ्याच अंशी सारखं बदलतं.

सखल वर्षावनात छत पंचवीस ते पंचेचाळीस मीटरवर असतं आणि त्याच्याही वर साठ-सत्तर मीटरची एकटी झाडं डोकं काढतात. बुंध्याला भिंतीसारखी आधारमुळं, मांडीएवढ्या जाड वेली, खोडावरच फुलं-फळं धरणारी झाडं, लांब टोकाची पानं, ही सगळी तिथली ओळख. वर जाल तसं छत खाली येतं. निम्न पर्वतीय जंगलात ते पंधरा ते तीसेक मीटर, आणि उच्च पर्वतीय जंगलात कधी पंधरा मीटर तर कधी चक्क डोक्याएवढं. आधारमुळं कमी होतात, जाड वेली जातात, संयुक्त पानांची झाडं कमी होतात. पान लहान, जाड आणि चिवट होत जातं. खाली तळहाताएवढं असलेलं पान वर बोटाच्या दोन पेरांएवढं उरतं आणि दुमडलं तर कट्कन मोडतं.

आणि मॉस. याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो, पण तळ्यातलं शेवाळ वेगळं. ढगात बुडालेल्या जंगलात खोडावर, फांदीवर, पडलेल्या ओंडक्यावर मॉसचा इतका जाड थर असतो की मनगटाएवढी दिसणारी फांदी हातात धरली तर आत अंगठ्याएवढं लाकूड निघतं. मूठ दाबली की कोपरापर्यंत पाण्याचा ओघळ येतो. अशा ठिकाणी घेर मोजताना टेपखालचा मॉस बाजूला सारावा लागतो, नाहीतर तुमच्या नोंदीत सगळीच झाडं जाडजूड होतात. हे कुठल्या पुस्तकात ठळक लिहिलेलं नसतं, पण आकडे मात्र बिघडवतं.

कुळंही बदलतात. दक्षिण अमेरिकेच्या सखल जंगलात जातींच्या संख्येत शेंगावर्गीय कुळ पुढे असतं. अँडीजमध्ये दीड हजार मीटरच्या वर गेलं की तो मान लॉरेसी कुळाकडे जातो, म्हणजे आपली दालचिनी, तमालपत्र ज्या कुळातलं ते. हे आल्विन जेन्ट्री या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. त्याची पद्धत साधी होती: एक दशांश हेक्टरचे अरुंद पट्टे आखायचे आणि अडीच सेंटिमीटरपासून जाड असलेलं प्रत्येक खोड नोंदवायचं. पद्धत सगळीकडे तीच, म्हणून तुलना करता आली. पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यात त्याला एका हेक्टरात तीनशेच्या आसपास जाती मिळाल्या होत्या. त्याच देशात अँडीजवर झाडांच्या वरच्या सीमेपाशी पोचलात तर पॉलिलेपिस या एकाच प्रजातीची वाकडीतिकडी झाडं अख्खी राई व्यापून असतात. आग्नेय आशियात खाली डिप्टेरोकार्पस कुळाचं राज्य, मधे ओक आणि लॉरेसी, वर जांभळाच्या कुळातली, ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातली आणि पोडोकार्पसच्या जातकुळीतली सूचिपर्णी झाडं. बोर्निओच्या किनाबालूवर, जो ४,०९५ मीटर उंच आहे, हा सगळा प्रवास एकाच डोंगरावर बघायला मिळतो.

हे का होतं? इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थी इथेच अडकतात. 'उंची वाढली म्हणून झाडं बदलली' हे उत्तर नाही. झाडाला मीटर कळत नाहीत. झाडाला कळतं तापमान, ओल, उजेड, वारा आणि मुळाशी काय मिळतं ते. उंचीबरोबर या गोष्टी बदलतात, पण सगळ्या एकाच वेगाने नाही आणि सगळीकडे सारख्या नाही.

तापमानाचं गणित सोपं आहे. दर शंभर मीटरला साधारण अर्धा ते पाऊण अंश सेल्सिअस कमी. ०.६ धरा. पायथ्याला वर्षाची सरासरी २७ अंश असेल तर हजार मीटरवर २१, दोन हजारांवर १५, तीन हजारांवर ९. उष्णकटिबंधात उन्हाळ्या-हिवाळ्यातला फरक कमी असतो, त्यामुळे एखादं झाड जन्मभर तापमानाच्या अरुंद पट्ट्यात जगतं. हिमालयाच्या पायथ्याचं झाड वर्षातून एकदा थंडी सोसतंच. विषुववृत्तावरच्या झाडाला ती कधी भेटतच नाही. म्हणून हजार मीटरचा चढ उष्णकटिबंधातल्या जातीला जास्त अवघड जातो. जॅन्झन या पर्यावरणशास्त्रज्ञाने हे १९६७ मध्ये मांडलं, आणि उष्णकटिबंधात जाती डोंगरउतारावर इतक्या अरुंद पट्ट्यात का अडकून असतात याचं ते मला अजूनही सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण वाटतं.

तापमान सलग उतरतं. ढग तसा नाही. ढगाचा तळ एका ठरावीक उंचीला टेकतो आणि त्याच्या वर सगळंच एकदम बदलतं: उजेड कमी, हवा सतत दमट, पानातून पाणी उडून जाणं मंद. हेच ते 'नगर'. जिथे जातींची बरीच गर्दी थोडक्या मीटरांत बदललेली दिसते तिथे आधी ढगाचा तळ तपासा. त्यानंतर खडक आणि माती. किनाबालूवर काही उतारांवर मॅग्नेशियम, निकेलने भरलेला खडक वर आला आहे. तिथली माती झाडांना जाचक, आणि त्याच उंचीच्या दुसऱ्या उतारापेक्षा जंगल ठेंगणं आणि वेगळं. तिसरं कारण गोठवणारी थंडी. ती डोंगरमाथ्यापेक्षा खोलगट भागात जास्त साचते, कारण थंड हवा जड असते आणि रात्री खाली वाहत येते. निलगिरीत शोला (खोलगट भागातलं ठेंगणं सदाहरित) जंगल आणि गवत यांची सरमिसळ दिसते, तिच्या चर्चेत हा मुद्दा कायम असतो.

मातीचा आणखी एक भाग. सखल प्रदेशातल्या जुन्या, पावसाने धुपलेल्या मातीत तुटवडा बहुधा स्फुरदाचा असतो, पालापाचोळा मात्र पटापट कुजतो. वर थंडी आणि ओलीमुळे कुजणं मंदावतं. पाचोळ्याचा थर इतका साचतो की पाय घोट्यापर्यंत आत जातो, आणि नत्र त्या थरात अडकून पडतं. जमैकाच्या ब्ल्यू माउंटन्समध्ये संशोधकांनी पर्वतीय जंगलातल्या झाडांना खत घालून पाहिलं, तर नत्र दिल्यावर खोडांची वाढ वाढली. म्हणजे ठेंगणेपणाचं खापर नुसत्या थंडी-वाऱ्यावर फोडता येत नाही.

ठेंगणं म्हणजे गरीब, असंही समजू नका. वर गेलं की जंगलातला कार्बन कमी होतो असं सरसकट लिहिलं जायचं. आफ्रिकेतल्या पर्वतीय जंगलांची मोजणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तिची सरासरी हेक्टरी सुमारे १४९ टन कार्बन निघाली. तिथल्या सखल जंगलाशी तुलना करता येईल इतकी ती आहे. खंड बदलला की नियम वाकतो.

डोंगराचा आकारही बघावा लागतो. मोठ्या, रुंद पर्वतरांगेत हे सगळे बदल जास्त उंचीवर होतात. समुद्राकाठच्या एकट्या लहान डोंगरावर ते दाबून खाली आलेले असतात. पोर्टो रिकोचं लुकिलो बघा. तिथे जेमतेम हजार मीटरच्या माथ्यावर मॉसने लडबडलेलं खुजं मेघवन आहे. असं रूप अँडीजमध्ये बघायचं तर त्याच्या कितीतरी वर जावं लागतं. म्हणून 'खुजं जंगल कोणत्या उंचीला सुरू होतं' या प्रश्नाला एक आकडा नाही. कोणी वर्गात आकडा सांगितला तर कुठल्या डोंगराचा, हे विचारा.

आता सह्याद्री. आपल्याला एका रात्रीच्या एसटीत गाठता येणारं वर्षावन तेच.

पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलांचं वर्गीकरण पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटच्या पास्कल यांनी १९८८ मध्ये मांडलं. त्यात उंचीचे टप्पे आहेत: साधारण सात-आठशे मीटरपर्यंत एक, तिथून चौदाशेपर्यंत दुसरा, त्यावर तिसरा. पण त्यांनी उंचीइतकंच वजन दुसऱ्या गोष्टीला दिलं: कोरड्या महिन्यांची संख्या. घाटाच्या दक्षिण टोकाला वर्षात दोन-तीनच महिने कोरडे जातात. उत्तरेकडे सरकाल तशी ही संख्या वाढत जाते आणि आपल्या महाराष्ट्रात सात-आठ महिन्यांवर पोचते.

याचा परिणाम बघायचा तर तेराशे मीटरची दोन जंगलं शेजारी ठेवा. अनामलाईत या उंचीला कुलेनिया, नागकेशर आणि पॅलॅक्वियम यांचं तीस मीटरच्या वर जाणारं जंगल आहे. सिंहपुच्छ माकडांचं आवडतं फळ या कुलेनियाचंच. महाबळेश्वरला त्याच उंचीला अंजनी, जांभूळ, पिसा यांचं जंगल, बहुतेक ठिकाणी दहा-बारा मीटरच्या आतलं. पाऊस बघाल तर महाबळेश्वरला तो जास्त आहे, पाच-सहा हजार मिलिमीटर. पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि जांभ्यावरून वाहून जातो. पुढचे आठ महिने झाडाला त्याच्या आठवणीवर काढायचे असतात. उंची तीच, पाऊस उलट जास्त, आणि जंगल वेगळं. एवढं एक उदाहरण नीट समजलं तर अर्धा विषय समजला. (ही अंजनी म्हणजे महाबळेश्वरची निळ्या फुलांची मेमेसायलॉन. आपल्याकडे अजिंठ्याच्या डोंगरातला अंजन हा सर्वस्वी वेगळा वृक्ष, त्याच्याशी घोळ करू नका. मार्क जातात.)

महाराष्ट्रात उंचीचा पूर्ण आलेख काढायला आणखी एक अडचण आहे: खालचा भागच उरलेला नाही. कोकणातलं सखल सदाहरित जंगल शेतीत, बागांत आणि कोळशात गेलं, देवरायांत तुकडे शिल्लक आहेत. त्यामुळे घाटमाथ्याच्या जंगलाची पायथ्याशी तुलना करताना आपण पुष्कळदा न तोडलेल्याची तोडलेल्याशी तुलना करत असतो, आणि दोष मात्र उंचीला देतो. वरती सर्वोच्च कळसूबाईही १,६४६ मीटर. म्हणजे आलेखाचा तळ गेलेला आणि शेंडा मुळातच नाही.

मग मराठवाडा. नांदेडकडे गोदावरीकाठी आपण साडेतीनशे मीटरच्या आसपास असतो, म्हैसमाळच्या पठारावर त्याहून पाच-सहाशे मीटर वर. तापमानात तीन-साडेतीन अंशांचा फरक पडायला हवा आणि पडतोही. उन्हाळ्यात लोक म्हैसमाळला हवा खायला जातात ते उगाच नाही. पण झाडांच्या दृष्टीने तो फरक गौण ठरतो, कारण त्याआधी पाण्याने सगळा निकाल लावलेला असतो. संभाजीनगरला वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, किनवट-माहूरकडे त्याहून बराच बरा, म्हणून तिकडे सागाचं दाट जंगल आणि बालाघाटावर सीताफळ, बोर, खैर, धावडा. हा बदल पूर्व-पश्चिम आहे, खाली-वर नाही.

आणि तरीही बालाघाटावर, सातमाळ्याच्या उतारावर पट्टे दिसतात. तुम्ही नीट बघितलं नसावं असं मला वाटतं. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना किंवा गौताळ्यात समोरच्या डोंगराकडे बघा: कडा, मग झाडीची आडवी पट्टी, परत कडा, परत पट्टी. ही उंचीची किमया नाही, बसाल्टची आहे. आपला सगळा प्रदेश लाव्ह्याच्या एकावर एक थरांचा. घट्ट काळ्या पाषाणाचा थर कड्यासारखा उभा राहतो, त्यावर माती टिकत नाही. त्यालगतचा सच्छिद्र, मऊ थर झिजून त्याचा मुरूम होतो, उताराला पायरी पडते, पायरीवर माती साचते. दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीची पट्टी असते, तिच्यापाशी पाणी अडतं आणि पाझर फुटतो. झाडं त्या पायरीवर आणि त्या पाझरावर उभी असतात. कड्याच्या कपारीत सालई, उथळ मुरमावर धावडा आणि अंजन, खोल मातीत साग, आणि पाझराच्या खाली ओढ्यात करंज, उंबर, अर्जुनसादडा, जांभूळ.

त्या जांभळापाशी थोडं थांबा. मराठवाड्यात जांभूळ आपसूक उगवलेलं दिसतं ते ओढ्याकाठी, पाचशे-सहाशे मीटरवर. महाबळेश्वरला तेच झाड तेराशे मीटरवर पठारभर पसरलेलं, ओढ्याची त्याला गरज नाही. जात एक, उंचीत दुपटीहून जास्त फरक. जांभळाच्या वितरणाचा आलेख नुसत्या मीटरवर काढलात तर गोंधळ दिसेल. जमिनीतली ओल मोजून काढलात तर तो सुतासारखा सरळ होईल.

उताराची दिशाही आपल्याकडे उंचीवर मात करते. आपण साधारण १८ ते २० अंश उत्तर अक्षांशात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे पावसाळ्याची ओल जिरून संपण्याच्या काळात, सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दक्षिण उतार भाजून निघतो. उत्तर उतार सावलीत राहतो, ओल महिना-दीड महिना जास्त टिकते. एकाच डोंगराच्या दोन कुशींत, एकाच उंचीवर, पानगळीची तारीखसुद्धा वेगळी पडते. जानेवारीत जाऊन बघा.

प्रकल्पाबद्दल. दोन वाटा आहेत, आणि मी दुसरी घ्या म्हणेन.

पहिली वाट म्हणजे सह्याद्रीत जाऊन उंचीचा आलेख काढणं. जायचं असेल तर कोकणातून घाटमाथ्यापर्यंत एकाच कुशीवर, एकाच दिशेच्या उतारावर, दर शंभर-दीडशे मीटरला प्लॉट टाका. एका उंचीला एकच प्लॉट टाकू नका, निदान तीन. नाहीतर ओढ्यात पडलेला एक प्लॉट तुमचा सगळा निष्कर्ष ठरवतो. अभयारण्य असेल तर नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाची परवानगी लागते आणि ती सत्र संपेपर्यंत येईलच असं नाही. या वाटेची मला वाटणारी खरी अडचण वर सांगितलीच: खालचं जंगल नाही.

दुसरी वाट: बालाघाट किंवा सातमाळ्यातच एक डोंगर घ्यायचा आणि उंची, उताराची दिशा आणि मातीची खोली, तिन्ही मोजायच्या. मग प्रश्न असा ठेवायचा की जातींमधला फरक या तिघांपैकी कोण जास्त समजावून देतं. वर्षावनाच्या अभ्यासात जो प्रश्न विचारतात तोच हा, फक्त पाहुणा बदलला. अंबाजोगाईच्या आसपास बालाघाटात गावापासून दूर, चराईचा त्रास कमी असलेली जागा शोधावी लागेल. अभयारण्याबाहेर असली तरी स्थानिक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आधी पत्र द्या.

मोजणीतल्या काही गोष्टी, ज्या प्रबंधांत नेहमी चुकलेल्या दिसतात. २० बाय २० मीटरचा प्लॉट उतारावर टेप जमिनीला लावून मोजला तर तो नकाशावर २० मीटर भरत नाही. ३० अंशांच्या उतारावर आडवे २० मीटर मिळवायला जमिनीवर २३ मीटर टेप सोडावा लागतो. हे दुरुस्त केलं नाही तर जितका उतार तीव्र तितका प्लॉट लहान, जितका प्लॉट लहान तितक्या जाती कमी, आणि तुम्ही लिहून मोकळ्या होता की वर जाती कमी झाल्या. घेर छातीच्या उंचीला, ३० सेंटिमीटरपासून पुढचा. उतारावर ही उंची झाडाच्या वरच्या बाजूला उभं राहून घ्यायची. सागाच्या तोडलेल्या खुंटातून चार फुटवे आले असतील तर चारही मोजा, पण एकच झाड म्हणून नोंदवा. मोबाइलमधल्या जीपीएसची उंची दाट झाडीत किंवा कड्याखाली बरीच चुकते. सर्वे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात २० मीटरच्या समोच्च रेषा असतात, त्यांच्याशी ताडून बघा. मातीची खोली लोखंडी सळई ठोकून, प्लॉटमध्ये दहा-बारा ठिकाणी. महागडं यंत्र लागत नाही.

विश्लेषणाबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. आपल्याकडे प्रत्येक प्रबंधात महत्त्वमूल्य निर्देशांकाचं (कोणत्या जातीचं जंगलात किती वजन, हे सांगणाऱ्या आकड्याचं) चार पानी कोष्टक असतं आणि त्यातून काहीच निष्कर्ष निघत नाही. ते जोडा, मार्गदर्शक मागतीलच. पण खरं काम प्लॉट-प्लॉटमधल्या साम्याचं आहे. सोरेन्सनचं सूत्र हातानेही करता येतं: दोन्हीकडे सापडलेल्या जातींची दुप्पट भागिले दोन्हीकडच्या जातींची बेरीज. एका प्लॉटमध्ये ४० जाती, दुसऱ्यात ३५, दोन्हीत समान १५, तर ३० भागिले ७५, म्हणजे ०.४०. प्रत्येक जोडीसाठी हे काढा. मग एका आलेखात हे साम्य उंचीतल्या फरकाविरुद्ध मांडा, दुसऱ्यात मातीच्या खोलीतल्या फरकाविरुद्ध. उताराच्या दिशेसाठी सारख्या दिशेच्या जोड्या आणि वेगळ्या दिशेच्या जोड्या यांचं सरासरी साम्य शेजारी ठेवा. साम्य कशाबरोबर सुटसुटीत उतरतं ते डोळ्यांनाच दिसेल. मग हवी ती सांख्यिकी चाचणी लावा. पट्टा खरंच असेल तर आलेखात साम्य एका जागी एकदम कोसळलेलं दिसेल. नसेल तर उतरण सलग असेल. 'पट्टा ओळखायचा कसा' या तुमच्या प्रश्नाचं मोजता येणारं उत्तर हे.

जातींची संख्या तुलना करताना खोडांची संख्या सारखी धरा. खाली ६० खोडांत २० जाती आणि वर १५ खोडांत ९ जाती, याचा अर्थ वर विविधता कमी असा होत नाही. ६० पैकी यादृच्छिक १५ खोडं पुन:पुन्हा उचलून सरासरी किती जाती येतात ते बघा, मग बोला.

शेवटी हवामानबदलाचा मुद्दा, कारण परीक्षक तो विचारतातच. पेरूच्या मानू भागात उतारावरच्या प्लॉटमधली झाडं पुन्हा मोजली गेली, तेव्हा झाडांच्या प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन मीटर या वेगाने वर सरकताना दिसल्या. तापमानवाढीशी बरोबरी करायला साधारण त्याच्या दुप्पट वेग लागला असता. झाडं स्वतः चालत नाहीत. वर रोपं जगतात, खाली म्हातारी झाडं मरतात, त्यातून सरासरी सरकते. हे उत्तर मराठवाड्याला जसंच्या तसं लावू नका. इथे झाडाला वर जाऊन थंडावा मिळवण्यापेक्षा उत्तर उतारावर किंवा ओढ्यात शिरून ओल गाठणं जवळचं आहे, म्हणून रोपांची मोजणी उंचीनुसार न करता उताराच्या दोन्ही कुशींवर वेगवेगळी करा. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात एकदा आणि मे अखेरीस एकदा, त्याच खुणांवर. मे महिन्यात जिवंत सापडलेलं रोपच धरायचं.